भाषण कोणी केलं

चिंचणीच्या त्या आळीत सुलूकाकीला विचारल्याशिवाय कोणाचं लग्न जमत नाही, असं सुलूकाकी स्वतः म्हणायची. आळीतली माणसं एवढंच कबूल करायची, की तिला विचारल्याशिवाय मोडत मात्र नाही. अठ्ठावन्न वर्षांची बाई. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. घरामागं तगरीची आणि मोगऱ्याची वाडी, घरात मुलगा नीलेश, सून आणि चार वर्षांची नात. फुलं काढून झाली की उरलेला दिवस गावाचा. तिनं सतरा लग्नं जमवली होती. त्यातली पंधरा टिकली आणि उरलेल्या दोनांत दोष पत्रिकेचा होता, असा तिचा हिशेब.

लग्न जमवायची तिची एक रीत होती, आणि ती काही तिनं एकटीनं काढलेली नव्हती. मुलगी बघायला पाहुणे आले की ताटातलं सगळं मुलीनंच केलेलं असतं. पोहे आईनं परतलेले असोत, लाडू मावशीनं वळलेले असोत, टेबलावरचा विणलेला रुमाल शेजारणीकडून उसना आणलेला असो, पाहुण्यांनी विचारलं की उत्तर एकच, मुलीनंच केलंय. पाहुण्यांनाही ते ठाऊक असतं, कारण त्यांच्या घरची मुलगी उजवताना त्यांनीही तेच केलेलं असतं. या बाबतीत सुलूकाकीचा हात फार सढळ. स्वतःचं बिरडं, स्वतःच्या पानग्या, स्वतःचं विणकाम सतरा मुलींच्या नावावर करून ती मोकळी झाली होती. तिला त्यात कधी काही गेल्यासारखं वाटलं नाही.

अठरावी मुलगी शेजारचीच होती. कृष्णकांत सावे याची मेघाली.

कृष्णकांत दागिन्यांच्या डाय कोरायचा. पोलादाच्या ठोकळ्यात उलटी नक्षी खोदायची, तिच्यावर पत्रा ठोकला की सुलट दागिना उठतो. चिंचणीत हे काम घराघरात चालतं. चाळीस वर्षं मान खाली घालून बसल्यावर आता त्याला पाकळी आणि पान यातला फरक भिंगाशिवाय दिसत नव्हता. डॉक्टरनं सांगितलं होतं, आणखी दोन वर्षं ओढलीत तर भिंगही उपयोगाचं नाही. घरात कमावणारा तो एकटा. म्हणून मेघालीची तारापूरच्या अणुवीज केंद्रात निवड झाली तेव्हा तिची आई चंद्रकांता देवापुढं बसून अर्धा तास रडली. लेखी परीक्षा झाली, तोंडी झाली, डॉक्टरी तपासणी झाली. आता पोलिसांचा दाखला तेवढा यायचा होता. तो आला की कामावर हजर व्हायची ऑर्डर, नाही आला तर सगळं पाण्यात.

नोकरीवाली मुलगी म्हटल्यावर सुलूकाकी गप्प बसणार थोडीच! तिनं माकुणसारच्या एका घरात शब्द टाकून ठेवला होता. मुलाचा मामा येऊन बघून जाईल, असा निरोपही आला होता. त्यामुळे ऑक्टोबरातल्या एका दुपारी चौकडीचा शर्ट घातलेला, पोट थोडं सुटलेला, पन्नाशीचा माणूस मोटारसायकल लांब लावून चालत आला, त्यानं ओटीखाली चपला काढल्या आणि ‘‘शेजारच्या साव्यांच्या मुलीबद्दल जरा विचारायचं होतं,’’ असं हळू आवाजात म्हणाला, तेव्हा तिनं त्याला नावही विचारलं नाही. मामा हा असाच येतो. आधी शेजारी बसतो, मग घरात जातो.

पोलिसांचा दाखला यायचाय हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण पोलीस म्हणजे खाकी कपडे आणि आळीच्या तोंडापासून मारलेली हाक. चपला काढून आत येणारा पोलीस तिनं जन्मात पाहिला नव्हता.

तिनं चहा टाकला. माणसानं खिशातून छोटी वही काढली, तेव्हा तिला तो मामा फारच आवडला. पोटचं पोरगं असल्यासारखा काळजी घेतोय, असं तिला वाटलं.

‘‘मुलगी बोलायला कशी आहे? चार लोकांत मिसळते?’’

‘‘चार?’’ सुलूकाकी म्हणाली. ‘‘अवो, पाचशे बायकांपुढं बोलली हाय ती! आमच्या विहिरींचं पाणी पिवळं झालेलं ना, चार वर्सांपूर्वी, कारखान्याचा पाइप फुटलेला, तेवा मोर्चा नेला आमी डहाणूच्या कचेरीवर. हिनं माइक घेतला हातात आणि असं भाषण केलं की साहेब खुर्चीतून उभा ऱ्हायला!’’

माणसानं मान वर केली. ‘‘हिनं केलं? तेव्हा तर वय लहान असेल.’’

‘‘एकोणीस. पण धिटाई बगा.’’

‘‘मोर्चा कोणाचा होता?’’

‘‘आमचाच. टेंपो नि भोंगा लाल बावटेवाल्यांनी दिला. भली माणसं. येताना वडे पण दिले.’’

‘‘वाचन वगैरे?’’

‘‘दिवसरात्र. ही अशी जाडजाड पुस्तकं, लाल पुठ्ठ्याची.’’

‘‘घरी बाहेरचं कोणी येतं-जातं?’’

इथं सुलूकाकीनं ओळखलं, की मामाला घराची पत बघायची आहे. ती जरा पुढं सरकली. ‘‘येतात तर! मुंबईची, सुरतेची माणसं येतात कृष्णकांतभाऊंकडं. डबे बंद करून आणतात नि बंद करून नेतात. आमालासुदा दाखवत नाय आत काय हाय ते.’’ डायची नक्षी दुसऱ्यानं उचलू नये म्हणून सराफ तसं करतात, हे चिंचणीत शेंबड्या पोरालाही माहीत असतं. ते वेगळं सांगायचं तिला सुचलं नाही.

त्या माणसानं सगळं लिहून घेतलं. चहा संपवला. जाताना म्हणाला, ‘‘मी आलो होतो ते त्यांना सांगू नका.’’ सुलूकाकी हसली. एवढं काय तिला कळत नव्हतं? आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिनं आठ दिवस तोंडात तीळ भिजू दिला.

नवव्या दिवशी कृष्णकांतला पालघरच्या पोलिसांकडून बोलावणं आलं. मुलीला घेऊन या. दोघं सकाळी गेली ती संध्याकाळी परत आली. मेघाली सरळ आत गेली आणि दार लावून बसली. कृष्णकांत ओटीवर टेकला. त्याचा चेहरा असा झाला होता, की चंद्रकांतेनं पाणी आणून दिलं तरी ते त्याच्या लक्षात आलं नाही. सुलूकाकी कुंपणातून आली.

‘‘काय झालं, भाऊ?’’

‘‘काय समजत नाय,’’ तो म्हणाला. ‘‘तीन माणसं बसलेली. पोरीला इचारतात, तू कोणत्या संघटनेची? पाचशे बायका कशा जमवल्यास? साहेब उभा ऱ्हायला एवडं काय बोललीस? मला इचारतात, बंद डबे घेऊन माणसं येतात ती कोण? मी म्हटलं, सोनार. तर म्हणतात, सगळे असंच काहीतरी सांगतात.’’

‘‘आणि लाल पुस्तकं,’’ चंद्रकांता आतून ओरडली. ‘‘घरी येऊन बगणार म्हणे! डिप्लोमाची पुस्तकं ती. कोण मेला असं सांगून आला आमच्याबद्दल? त्याचं वाटोळं होईल!’’

सुलूकाकीच्या कानात आपलीच वाक्यं एकामागोमाग एक शिरत होती. पाचशे तिनंच म्हटलं होतं. मोर्चात दीडशे बायका होत्या, त्याही टेंपोच्या दोन खेपांत. साहेब उभा राहिला होता खरा, पण जेवायची वेळ झाली म्हणून. आणि मेघाली? मेघाली मागच्या ओळीत पिवळ्या पाण्याची बाटली धरून उभी होती. ऊन लागलं तेव्हा तिला झाडाखाली बसवून कांदा हुंगवावा लागला होता.

भाषण सुलूकाकीनं केलं होतं.

कोणी ठरवलं नव्हतं. लाल बावट्याच्या माणसानं माइक पुढं केला, पुढच्या बायका मागं सरकल्या आणि ही पुढं राहिली. सहा मिनिटं बोलली. तिच्या विहिरीबद्दल बोलली, वाळून गेलेल्या मोगऱ्याबद्दल बोलली, आणि शेवटी म्हणाली, साहेब, हे पाणी आमी रोज पितो, तुमी एक घोट प्या नि मग सांगा. बायकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. नवरा असता तर कदाचित ती बोललीही नसती. आयुष्यात एकदाच तिनं माइकवरचा स्वतःचा आवाज ऐकला, आणि तोही तिनं चहाच्या कपाबरोबर मुलीच्या नावावर करून टाकला होता. पोह्यांसारखा.

त्या संध्याकाळी ती साव्यांच्या ओटीवर बसून राहिली. चंद्रकांता शाप देत होती आणि ही मान डोलवत होती. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते तिला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी फुलं न तोडताच तिनं बोईसरपर्यंत रिक्षा केली आणि पुढं पालघरची एसटी धरली. कृष्णकांतनं सांगितलेलं ऑफिस शोधायला तिला तासभर लागला. पहिल्या मजल्यावर एका खोलीत चार टेबलं होती. तिसऱ्या टेबलामागं तो मामा बसला होता. आज अंगात खाकी होती आणि छातीवर नाव होतं, भगवंत जगदाळे.

त्यानं तिला ओळखलं आणि खुर्ची दिली.

‘‘मी खोटं सांगितलं तुमाला,’’ ती बसायच्या आधीच म्हणाली. ‘‘मला वाटलं, तुमी माकुणसारचे. स्थळ घेऊन आलात.’’

भगवंत हवालदार तिच्याकडं बघत राहिला. मग त्यानं पेन खाली ठेवलं आणि कपाळावर हात मारून घेतला. त्याला हसू येत होतं की रडू, ते त्यालाही ठरवता येत नसावं. त्याच्या दोन मुली उस्मानाबादकडं दिलेल्या होत्या. स्थळाच्या गप्पा त्याला ठाऊक होत्या.

‘‘मावशी, अहो, असं कुठं असतंय का?’’

‘‘तुमी तरी सांगायचं ना, पोलीस म्हणून!’’

‘‘सांगायचं नसतंय. गुपचूप विचारायचं, असा हुकूम आहे. सध्या वरून फार सक्ती आहे. कोण डाव्या विचाराचा, कोण कुणाच्या मोर्चाला गेलता, सगळं बघायचं. नवा कायदा आलाय. अन् ते केंद्र म्हटल्यावर तर विचारूच नका.’’

‘‘मग फाडा ते कागद.’’

‘‘फाडता येत नाही. अहवाल साहेबांच्या सहीनं वर गेलाय.’’

‘‘मग लिवा, की सुलू राऊत खोटारडी हाय. आख्खी आळी साक्ष देईल.’’

भगवंत उठला. मग त्यानं कपाटातून एक जुनी फाइल आणली आणि तिच्यातलं पान तिच्यापुढं धरलं. सुलूकाकी सातवीपर्यंत शिकली होती. तिनं बोट ठेवून वाचलं. चार वर्षांपूर्वीची तारीख होती. मोर्चाची नोंद होती. टेंपोचा नंबर, झेंडे किती, घोषणा कोणत्या. आणि खाली, एका महिलेने चिथावणीखोर भाषण केले, नाव समजून आले नाही.

‘‘मोर्चा झालाय, हे खोटं नाही,’’ भगवंत म्हणाला. ‘‘भाषण झालंय, हेही खोटं नाही. चार वर्षं ही जागा रिकामी होती. कुणी विचारतही नव्हतं. तुमच्या चहानं ती भरली. आता ती परत रिकामी होत नाही, मावशी. तिथून एक नाव काढायचं तर दुसरं घालावं लागतंय.’’

‘‘घाला की. मीच केलं भाषण.’’

‘‘पोरीला वाचवायला म्हणताय.’’

सुलूकाकीला याचा इतका राग आला की तिचे कान तापले. ‘‘वाचवायला कशाला? मीच केलं! बायकांना इचारा. साहेबाला एक घोट प्या म्हणून कोण म्हणालं, ते इचारा!’’

भगवंतनं पानाच्या मागच्या बाजूला पाहिलं. तिथं भाषणातलं एक वाक्य टिपलेलं होतं. त्यानं ते मनातल्या मनात वाचलं आणि कागद उलटा ठेवला.

‘‘मग जबाब घ्यावा लागेल. नाव, पत्ता, सही. घरातली माणसं. कोण काय करतंय.’’

‘‘मुलगा हाय. नीलेश,’’ ती म्हणाली आणि थांबली.

नीलेश त्याच केंद्रात ठेकेदाराकडं वेल्डर होता. आत जायचा पास दरवर्षी नवा करावा लागायचा, आणि दरवर्षी त्या पासासाठी पोलिसांचा शिक्का लागायचा. पुढची मुदत मार्चमध्ये होती.

भगवंतला ते विचारावं लागलं नाही. बोईसरच्या बाजूला इतकी वर्षं नोकरी केलेल्या माणसाला एवढं कळतं. त्यानं पेनचं टोपण लावलं. ‘‘खाली चहाची टपरी आहे. जाऊन या. नाही आलात तरी मी काही म्हणणार नाही.’’

सुलूकाकी खाली गेली. चहा घेतला नाही. टपरीशेजारच्या कट्ट्यावर बसून राहिली.

घरी जाऊन नीलेशला विचारावं, हा विचार तिच्या मनात सगळ्यात आधी आला आणि तिनं तो सगळ्यात आधी टाकून दिला. विचारलं तर तो नको म्हणेल. का म्हणू नये? त्याला लेक आहे. आणि त्यानं नको म्हटल्यावर आईला पुन्हा हा जिना चढता येणार नाही. गप्प राहिलं तर कोणालाच कळणार नव्हतं. मेघालीची नोकरी गेली असती, चंद्रकांता वर्षभर अज्ञात माणसाला शिव्या देत राहिली असती, आणि सुलूकाकीनं तिच्या ओटीवर बसून त्या ऐकल्या असत्या. कृष्णकांत भिंग लावून ठोकत राहिला असता. त्याच्या हातोडीचा आवाज कुंपणापलीकडून दिवसभर येतो.

ते तिला सोसवलं नसतं. पण एवढंच कारण होतं असं म्हटलं तर ते अर्धवट होईल. त्या पानावर नाव समजून आले नाही असं लिहिलं होतं, ते तिला झोंबलं होतं. ती समोर उभी होती, माइक हातात होता, घसा बसेपर्यंत ओरडली होती, आणि सरकारला तिचं नाव समजलं नव्हतं. स्वतःची किती बिरडी, किती रुमाल दुसऱ्यांना दिले, त्याचं काही नाही. हे मात्र तिला परत हवं होतं. मुलाच्या पोटावर पाय येईल हे दिसत असून हवं होतं, आणि त्याची तिला लाजही वाटली. ती लाज घेऊनच ती उठली.

भगवंतनं जबाब लिहिला. सही करायच्या आधी तिनं तो मागून घेतला आणि बोट ठेवून वाचला. एका ओळीवर बोट थांबलं.

‘‘हे काय? ‘लोकांनी फूस लावल्याने’?’’

‘‘ते तुमच्या सोयीचं आहे. वय झालेली बाई, नकळत बोलली, असं दिसलं तर वर फार धरत नाहीत.’’

‘‘फूस नाय लावली कोणी,’’ सुलूकाकी म्हणाली. ‘‘इहीर माजी. पाणी माजं. मी बोलली. नीट लिवा.’’

त्यानं ओळ खोडली, बाजूला सही केली आणि वर नवीन ओळ लिहिली. तिनं खाली पूर्ण नाव लिहिलं, सुलोचना रमाकांत राऊत. बरीच वर्षं तिनं ते एवढं लांब लिहिलं नव्हतं.

नीलेशला तिनं त्याच संध्याकाळी सांगितलं. तो जेवत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, हात धुतला आणि अर्धं ताट तसंच टाकून बाहेर गेला. ‘‘मला इचारायचं तरी,’’ एवढंच तो दारातून म्हणाला. त्यानंतर तो आईशी कामापुरतं बोलत राहिला, आणि घरात आईशी कामापुरतं बोलणं म्हणजे जवळजवळ न बोलणंच. सून नातीला आजीकडं ठेवायच्या ऐवजी बालवाडीतून परस्पर माहेरी नेऊ लागली. सुलूकाकीनं माकुणसारचं स्थळ पुढं नेलं नाही. दुसरंही कुठलं नेलं नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ठेकेदारानं नीलेशला बाजूला घेतलं. तुझ्या पासाचं अडकलंय, काही दिवस घरी थांब. किती दिवस, ते त्यालाही माहीत नव्हतं. नीलेश दुपारीच परत आला, डबा न उघडता. तो मागच्या दारी जाऊन वाडीचा मोडका पंप खोलून बसला.

त्याच आठवड्यात, शनिवारी, मेघालीची ऑर्डर आली.

चंद्रकांता आळीभर पेढे वाटत आली. शेवटचं घर सुलूकाकीचं. मागून मेघाली होती, नवा ड्रेस घातलेली, हसू आवरत नसलेली. चंद्रकांतेनं सुलूकाकीच्या हातात दोन पेढे ठेवले. ‘‘देवालाच डोळे, काकी. कोणा मेल्यानं काय काय सांगितलेलं, पण शेवटी खरं ते खरं झालं. एक तुमचा, एक नीलेशचा. आता बगा, दोगं एकाच गेटातून आत जातील. आमची घाबरट हाय, त्याला सांगा जरा लक्ष ठेवायला.’’

सतरा लग्नं बोलून जमवलेली बाई, पण तिला साधं ‘हो’ म्हणता आलं नाही. हातातले पेढे धरून ती तशीच उभी राहिली, आणि चंद्रकांता तिच्या तोंडाकडं बघायला लागली.

मागच्या दारातून नीलेश आला. हाताला ग्रीस होतं. त्यानं सगळं ऐकलं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून आईला दिसलं. आता तो बोलेल, असं तिला वाटलं. बोलायचा त्याला हक्क होता, आणि तिनं ते ऐकायची तयारी केली.

नीलेशनं हात पँटीला पुसले. आईच्या तळहातावरचा एक पेढा उचलला, अर्धा स्वतः खाल्ला आणि उरलेला अर्धा तिच्या तोंडाशी धरला. ती खाईपर्यंत धरून ठेवला. मग तो मेघालीकडं वळला.

‘‘पयल्या दिवशी लवकर जा,’’ तो म्हणाला. ‘‘सातच्या आत. गेटावर लय रांग असते. आणि ओळखपत्र पिशवीत ठेवू नको, गळ्यात घाल. तिथं कोणी दोनदा इचारत नाय.’’